स्क्रीन जागी ठेवणारं टूल चालू आहे, तरी स्क्रीन बंद होते: दोष शोधण्याचा क्रम

टूल टाकलं, खाली कोपऱ्यात त्याचं चिन्हही दिसतंय, आणि तरी थोड्या वेळाने स्क्रीन काळी. अशा वेळी बहुतेक जण टूल काढून पुन्हा टाकतात, जमलं नाही की दुसरं टाकतात, मग तिसरं. शेवटी तिन्ही एकदम चालू असतात आणि स्क्रीन तरीही बंद होते. टूल बिघडलेलं असण्याची शक्यता खरं तर कमीच असते. बहुतेकदा टूल अडवतंय एका गोष्टीला आणि स्क्रीन बंद होतेय वेगळ्याच गोष्टीमुळे. म्हणून आधी कारण पक्कं करायचं आणि मगच सेटिंगला हात लावायचा.

पुढचा क्रम विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींसाठी आहे. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन अक्षरांत आणि छोट्या लिपीत टाका. तिरकी रेघ, आडवी रेघ आणि मधली मोकळी जागा मात्र इथे दिसते तशीच ठेवा.

## तयारी: चाचणी खोटी ठरू नये म्हणून

आत्ताच्या सेटिंग्ज लिहून ठेवा किंवा त्यांचा फोटो काढा. स्क्रीन किती मिनिटांनी बंद होते, संगणक किती मिनिटांनी झोपतो, हे चार्जर लावलेला असताना आणि बॅटरीवर असं दोन्हीकडचं वेगळं लिहा. शेवटी सगळं पूर्ववत करताना ही नोंद लागते.

लॅपटॉप असेल तर चार्जर लावा. बॅटरीचा प्रकार वेगळा आहे, त्याकडे पुढे येऊ.

जागं ठेवणारं टूल एकच ठेवा, बाकीची पूर्ण बंद करा. खिडकीची फुली दाबून ही टूल बंद होत नाहीत, ती ट्रेमध्ये, म्हणजे कोपऱ्यातल्या चिन्हांच्या पट्टीत, जाऊन बसतात. चिन्हावर उजवं क्लिक करून ‘एक्झिट’ किंवा ‘क्विट’ निवडा. व्हिडिओ, व्हिडिओ कॉल आणि प्रेझेंटेशनही बंद करा, कारण तेही स्वतःच स्क्रीन जागी ठेवतात.

चाचणीपुरती स्क्रीन बंद होण्याची वेळ १ मिनिट आणि झोपेची वेळ ३ ते ५ मिनिटं ठेवा. दोन्ही वेळा सारख्या ठेवल्या तर नेमकं काय झालं ते कळत नाही. एखाद्या प्रणालीत इतकी कमी वेळ मिळत नसेल तर मिळेल ती सगळ्यात कमी निवडा.

> तपासा: टूल बंद ठेवून एक मिनिट थांबा. स्क्रीन काळी झालीच पाहिजे. झाली नाही तर दुसरंच काहीतरी तिला जागं ठेवतंय आणि पुढची एकही चाचणी विश्वासाची नाही. तिसऱ्या टप्प्यातली कमांड चालवून आधी तो दुसरा प्रोग्राम शोधा.

चाचणी चालू असताना माउस उलटा करून ठेवा. चकचकीत टेबलावर किंवा चटईच्या कडेवर ठेवलेला ऑप्टिकल माउस आपोआप थरथरतो आणि टूल उत्तम चालतंय असं वाटत राहतं.

## १. नेमकं काय होतंय ते ओळखा

‘स्क्रीन बंद होते’ हे एकच वाक्य लोक पाच वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. या टप्प्यावर घाई केलीत तर पुढचे सगळे टप्पे वाया जातात.

फक्त डिस्प्ले बंद झाला: माउस हलवताच चित्र लगेच परत येतं. चालू असलेलं डाउनलोड तसंच पुढे सरकलेलं असतं.

संगणक झोपला: परत यायला थोडा वेळ लागतो, नेटवर्क पुन्हा जोडलं जातं, डाउनलोड मधेच अडकलेलं दिसतं.

संगणक लॉक झाला: उठल्यावर पासवर्ड किंवा पिन मागतो. लॉकचं पान आधी दिसतं आणि थोड्या वेळाने तेही काळं होतं.

स्क्रीनसेव्हर लागला: हलतं चित्र दिसतं किंवा नुसता काळा पडदा. विंडोजमध्ये ‘ब्लँक’ नावाचा स्क्रीनसेव्हर आहे आणि तो बंद स्क्रीनसारखाच दिसतो. अनेकांची फसगत इथेच होते.

मॉनिटर स्वतःच बंद झाला: संगणक पूर्ण जागा असतो, सिग्नलही येत असतो, पण मॉनिटर किंवा टीव्ही आपल्या वीजबचतीच्या वेळेनुसार बंद होतो.

डिस्प्ले की झोप, याची खात्री नसेल तर नोंदी बघा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘विंडोज लॉग्ज’ आणि त्यात ‘सिस्टम’ उघडा. ‘कर्नल-पॉवर’कडून आलेली ४२ क्रमांकाची नोंद म्हणजे संगणक झोपायला गेला. नव्या लॅपटॉपांवर, जिथे ‘मॉडर्न स्टँडबाय’ (फोनसारखी हलकी झोप) असतं, तिथे ५०६ म्हणजे स्टँडबायमध्ये गेला आणि ५०७ म्हणजे बाहेर आला. मॅकवर टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करण्याच्या खिडकीत) ‘पीएमसेट -जी लॉग’ चालवा आणि शेवटचा भाग वाचा. लिनक्सवर ‘जर्नलसीटीएल’च्या नोंदींत ‘सस्पेंड’ हा शब्द शोधा. त्या वेळेला झोपेची नोंदच नसेल तर संगणक झोपला नव्हता, तिथे वेळ घालवू नका.

> सावध: ‘गाणं लावून ठेवतो, थांबलं तर झोपला असं समजतो’ ही चाचणी करू नका. आवाज चालू असला की विंडोज तेवढ्यावरच झोप पुढे ढकलतो. म्हणजे तुमची चाचणीच निकाल बदलते.

## २. तुमचं टूल कोणत्या जातीचं आहे?

अशी टूल दोन प्रकारे काम करतात आणि दोन्हींच्या मर्यादा वेगळ्या आहेत.

पहिला प्रकार विनंती करणारा. टूल ऑपरेटिंग सिस्टमला रीतसर सांगतं की ‘मी चालू आहे तोवर डिस्प्ले बंद करू नकोस’. पॉवरटॉइज या मायक्रोसॉफ्टच्या विंडोजसाठीच्या टूलसंचातलं ‘अवेक’, मॅकमधलं ‘कॅफिनेट’ आणि त्यावर बेतलेलं ‘कीपिंग-यू-अवेक’ ही या जातीची. यात कोणतीही सेटिंग कायमची बदलत नाही. टूल बंद झालं की विनंती संपली. मुद्दा असा की डिस्प्लेसाठीची विनंती वेगळी आणि संगणक झोपू नये यासाठीची वेगळी. टूलने दुसरीच केली असेल तर संगणक रात्रभर जागा राहील आणि स्क्रीन मात्र वेळेवर बंद होईल. ‘टूल अर्धंच चालतं’ या तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

दुसरा प्रकार नकली हालचाल करणारा. ही टूल माउस किंचित हलवतात किंवा कोणी सहसा वापरत नाही अशी कळ दाबल्याचं भासवतात. झॉर्न सॉफ्टवेअरचं विंडोजवरचं ‘कॅफीन’ दर ५९ सेकंदांनी एफ१५ ही कळ दाबल्याचं दाखवतं. आता ५९ सेकंदांचं टूल आणि १ मिनिटाची मर्यादा म्हणजे काठावरचा खेळ. चाचणीत अशा टूलसाठी डिस्प्लेची वेळ २ मिनिटं ठेवा आणि झोपेची ५. या जातीचे तोटेही आहेत: पुटीसारख्या टर्मिनलमध्ये एफ१५मुळे मधेच ‘~’ हे चिन्ह उमटतं. आणि समोर ॲडमिन हक्कांनी उघडलेली खिडकी असेल तर साध्या हक्कांनी चालणाऱ्या टूलची नकली कळ विंडोज तिथवर पोहोचू देत नाही.

माझं मत विचाराल तर शक्य तिथे पहिल्या जातीचं टूल वापरा. ते काय करतंय हे विचारता येतं, आणि पुढचा टप्पा त्यासाठीच आहे.

## ३. ऑपरेटिंग सिस्टमलाच विचारा

### विंडोज

कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून उघडा, नाहीतर पुढची कमांड चालणार नाही. मग टाका: पॉवरसीएफजी /रिक्वेस्ट्स. ‘पॉवर’ला जोडूनच सी, एफ, जी, मग एक जागा, मग तिरकी रेघ.

उत्तरात ‘डिस्प्ले’, ‘सिस्टम’, ‘अवेमोड’, ‘एक्झिक्यूशन’ अशी शीर्षकं येतात आणि प्रत्येकाखाली कोणी विनंती केली आहे त्याचं नाव. काहीच नसेल तर ‘नन’. वाचायचं ते असं:

- ‘डिस्प्ले’खाली तुमच्या टूलचं नाव आहे: विनंती पोहोचली आहे. तरी स्क्रीन जात असेल तर कारण टूलबाहेरचं आहे. चौथा टप्पा वरवर पाहून पाचव्यावर जा.
- ‘सिस्टम’खाली नाव आहे, ‘डिस्प्ले’खाली ‘नन’: टूल फक्त झोप अडवतंय. टूलमध्ये ‘स्क्रीन चालू ठेवा’ असा पर्याय शोधा. पॉवरटॉइज अवेकमध्ये ‘कीप स्क्रीन ऑन’ हे मुख्य मोडपासून वेगळं बटण आहे. मोड ‘इन्डेफिनिटली’वर ठेवला म्हणजे झालं असं समजून लोक पुढे जातात आणि हे बटण बंदच राहतं. मोड ‘निवडलेल्या पॉवर प्लॅनप्रमाणे’ असा असेल तर अवेक काहीच करत नाही, हेही बघून घ्या.
- कुठेच नाव नाही: टूल चालू नाही किंवा ते दुसऱ्या जातीचं आहे. नकली कळ दाबणारी टूल या यादीत येत नाहीत, तेव्हा त्यांचं नाव नाही म्हणून घाबरू नका.

नाव आहे, बटणही चालू आहे, तरी विनंतीला दाद मिळत नसेल तर पॉवरसीएफजी /रिक्वेस्ट्सओव्हरराइड एवढंच टाका. या यादीत ज्या प्रोग्रामचं नाव असेल त्याची विनंती विंडोज मुद्दाम दुर्लक्षित करतो. संगणक झोपत नाही म्हणून कधीतरी कोणीतरी हे करून ठेवलेलं असतं आणि मग सगळे विसरतात.

### मॅक

टर्मिनलमध्ये पीएमसेट -जी असर्शन्स चालवा. ‘प्रिव्हेंट-युजर-आयडल-डिस्प्ले-स्लीप’समोर १ असेल तर डिस्प्ले अडवलेला आहे. ‘प्रिव्हेंट-युजर-आयडल-सिस्टम-स्लीप’समोर १ आणि पहिल्यासमोर ० असेल तर फक्त झोप अडवली आहे. खालच्या यादीत प्रोसेसचा क्रमांक आणि नावही येतं.

इथली नेहमीची चूक म्हणजे नुसतं ‘कॅफिनेट’ टाइप करणं. पर्याय न देता चालवलं तर ते फक्त संगणकाची झोप अडवतं, स्क्रीन बंद होतेच. स्क्रीनसाठी कॅफिनेट -डी लागतं. दोन तासच हवं असेल तर कॅफिनेट -डी -टी ७२००. टीनंतरचा आकडा सेकंदांत असतो, मिनिटांत नव्हे. १२० टाकून दोन तासांची अपेक्षा केलीत तर दोन मिनिटांतच काम संपेल. ‘-एस’ हा पर्याय फक्त चार्जर लावलेला असतानाच लागू होतो. आणि कमांड चालवून टर्मिनलची खिडकी बंद केलीत की परिणामही संपला.

### लिनक्स

सिस्टमडी-इनहिबिट --लिस्ट चालवा. ‘व्हॉट’ या रकान्यात ‘आयडल’ आहे की नुसतं ‘स्लीप’, ते बघा. ग्नोम या डेस्कटॉपमधल्या काही विनंत्या इथे दिसत नाहीत, त्या ग्नोम-सेशन-इनहिबिट --लिस्टमध्ये सापडतात. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये पॅनलवरच्या बॅटरीच्या चिन्हावर क्लिक केलं की कोणता प्रोग्राम झोप अडवतोय ते लिहिलेलं दिसतं.

मग तुमचं सत्र एक्स११ आहे की वेलँड (स्क्रीनवर खिडक्या दाखवण्याच्या लिनक्सच्या या दोन पद्धती), ते सेटिंग्जच्या ‘अबाउट’ पानावर पाहून घ्या. ‘एक्ससेट’ने स्क्रीन जागी ठेवण्याचे जुने उपाय आणि ‘एक्सडूटूल’ने माउस हलवणाऱ्या स्क्रिप्ट एक्स११साठी लिहिलेल्या आहेत. वेलँडवर त्या चुपचाप काहीच करत नाहीत, चूक झाल्याचा संदेशही बऱ्याचदा येत नाही.

> तपासा: टूल बंद करून तीच कमांड पुन्हा चालवा. यादीतून नाव गेलं, चालू केल्यावर परत आलं, तर टूल आणि ऑपरेटिंग सिस्टम यांचं बोलणं नीट चाललं आहे. मग पुन्हा इन्स्टॉल करून काहीही हाती लागणार नाही.

## ४. टूल मधेच मरतंय का?

सुरुवातीला चालतं आणि काही तासांनी किंवा रीस्टार्टनंतर बंद पडतं, अशी तक्रार असेल तरच हा टप्पा सावकाश करा.

टूलमध्ये वेळमर्यादा लावलेली आहे का, ते आधी पाहा. ‘एक तास’ हा पर्याय कधीतरी निवडलेला असतो. मग स्टार्टअप यादीत त्याचं नाव चालू आहे का बघा. मग अँटिव्हायरसची क्वारंटाइन यादी (अडवून ठेवलेल्या फाइलींची) उघडा: माउस हलवणारी, स्वाक्षरी नसलेली छोटी टूल तिथे जाऊन पडलेली सापडतात.

टूल विंडोजच्या टास्क शेड्यूलरमधून (प्रोग्राम आपोआप सुरू करणाऱ्या सोयीतून) सुरू करत असाल तर तीन खुणा नक्की बघा. ‘कंडिशन्स’मध्ये ‘चार्जर लावलेला असेल तरच सुरू करा’ आणि ‘बॅटरीवर गेला की थांबवा’ या दोन्ही खुणा आधीपासूनच केलेल्या असतात. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘३ दिवसांपेक्षा जास्त चाललं तर थांबवा’ हीही असते. महिनोन्महिने चालणाऱ्या माहितीफलकाचा संगणक दर तीन दिवसांनी काळा पडतो, तो यामुळे. शिवाय ‘युजर लॉग-इन असो वा नसो, चालवा’ हा पर्याय निवडला तर टूल तुमच्या डेस्कटॉपबाहेरच्या सत्रात चालतं, आणि तिथून त्याने हलवलेला माउस तुमच्या स्क्रीनपर्यंत येत नाही.

## ५. टूलपेक्षा वरचढ असलेल्या गोष्टी

विनंती पोहोचली, टूल जिवंत आहे, तरी स्क्रीन जाते? मग यांपैकी काहीतरी असणार.

झाकण. लॅपटॉपचं झाकण मिटणं हा तुमचा थेट हुकूम आहे, निष्क्रियता नव्हे. टूलची विनंती तिथे चालत नाही. विंडोजमध्ये झाकणाची सेटिंग वेगळी बदलावी लागते, लिनक्समध्ये लॉगिनडी या सेवेच्या ‘हँडल-लिड-स्विच’मध्ये. मॅकवर ‘कॅफिनेट’ झाकणाला अडवू शकत नाही. आणि झाकण मिटून संगणक जागा ठेवून तो बॅगेत टाकू नका, आत चांगलाच तापतो.

बॅटरी. मॉडर्न स्टँडबाय असलेल्या विंडोज लॅपटॉपवर, बॅटरीवर चालताना, झोपेची ठरलेली वेळ उलटून ५ मिनिटं झाली की विंडोज संगणक जागा ठेवण्याची विनंती मोडीत काढतो. चार्जरवर सगळं ठीक आणि बॅटरीवर नाही, असं दिसलं तर ‘पॉवरसीएफजी /ए’ चालवून ‘एस० लो पॉवर आयडल’ उपलब्ध आहे का पाहा. असेल तर टूल बदलून फायदा नाही. बॅटरीसाठीची झोपेची वेळच वाढवा.

स्क्रीनसेव्हर. विंडोजमधली झोप अडवणारी विनंती स्क्रीनसेव्हरला थांबवत नाही, मायक्रोसॉफ्टने तसं स्पष्ट लिहून ठेवलं आहे. स्क्रीनसेव्हर ‘नन’ करा.

लॉक. संगणक लॉक झाला की विंडोज वेगळं घड्याळ वापरतो आणि लॉकचं पान साधारण १ मिनिटात काळं होतं. म्हणजे स्क्रीन का बंद झाली, यापेक्षा लॉक कोणी केलं हे शोधा. ‘डायनॅमिक लॉक’ चालू असेल तर ब्लूटूथने जोडलेला फोन दूर गेला की लॉक लागतं. काही नव्या लॅपटॉपांत माणूस समोर आहे का ते ओळखणारा सेन्सर असतो, तुम्ही उठून गेलात की तो स्क्रीन बंद करतो. दोन्ही सेटिंग्जमधून बंद करता येतात.

संस्थेचं धोरण. ऑफिसच्या संगणकावर ‘ठरावीक सेकंद हालचाल नाही तर लॉक’ असा नियम वरून लावलेला असू शकतो. तो कळ-माउसच्या हालचालीवर चालतो, पहिल्या जातीच्या टूलला तो जुमानत नाही. सेटिंग राखाडी दिसत असेल किंवा ‘काही सेटिंग्ज तुमची संस्था सांभाळते’ असं लिहिलेलं असेल तर समजा की हेच आहे.

> सावध: इथे नकली हालचालीचं टूल लावून नियमाला बगल देणं तांत्रिकदृष्ट्या जमतं, पण ते सुरक्षेच्या नियमाचं उल्लंघन ठरू शकतं आणि अशी टूल शोधून काढता येतात. काम खरंच अडत असेल तर आयटी विभागाकडून वेळ वाढवून घ्या.

## ६. मॉनिटर आणि दूरचा संगणक

मॉनिटर स्वतः बंद होतोय अशी शंका असेल तर त्याच्याच बटणांनी मेनू उघडा आणि ‘ऑटो पॉवर ऑफ’, ‘इको’, ‘स्लीप टायमर’ अशा नावांचे पर्याय बंद करा. टीव्ही मॉनिटर म्हणून वापरत असाल तर ही शक्यता सगळ्यात आधी तपासा, रिमोटला बराच वेळ हात लागला नाही की अनेक टीव्ही बंद होतात. सोपी चाचणी: लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन चालू आणि बाहेरची काळी, तर दोष बाहेरच्या मॉनिटरचा किंवा केबलचा.

रिमोट डेस्कटॉप किंवा व्हर्च्युअल मशीन वापरणाऱ्यांची चूक ठरलेली: टूल आतल्या संगणकावर चालू असतं आणि स्क्रीन बाहेरच्या संगणकाची जात असते. टूल ज्या यंत्राची स्क्रीन डोळ्यांसमोर आहे त्यावर हवं. आतलं यंत्रही झोपत असेल तर तिथेही वेगळं लावा.

## ७. एक बदल, एक चाचणी, मग पूर्ववत

कारण सापडलं की तेवढीच एक सेटिंग बदला आणि १ मिनिटाची चाचणी पुन्हा घ्या. नकली कळ दाबणाऱ्या टूलसाठी ती २ मिनिटांची. स्क्रीन पाच मिनिटं टिकली तर चार्जर काढून तेच पुन्हा करा. दोन-तीन सेटिंग एकदम बदलल्या तर चालू झाल्याचा आनंद होईल, पण पुढच्या अपडेटनंतर बिघडलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

चाचणीसाठी कमी केलेल्या वेळा सुरुवातीच्या नोंदीप्रमाणे परत लावा. स्क्रीन ओएलईडी असेल तर टूल कायम चालू ठेवू नका, वेळमर्यादा लावूनच वापरा. तासन्‌तास न हलणारी टास्कबार अशा पडद्यावर कायमचा डाग सोडू शकते.

शेवटी टूल बंद करून ठरलेल्या वेळेला स्क्रीन काळी होते ना, ते बघा. झाली नाही तर तिसऱ्या टप्प्यातली यादी पुन्हा काढा: कोणाची तरी विनंती अजून उभी आहे.